उजनीचा सरकता काठ

जानेवारीतल्या एका संध्याकाळी कुंभारगावच्या शिवारात, उजनीचं पाणी जिथं मातीला टेकतं तिथं मी बाभळीची एक काटकी रोवली. सकाळी दिवस उगवायला परत गेलो, तर पाणी काटकीपासून अकरा पावलं मागे सरकलेलं. मधल्या ओल्या चिखलावर पक्ष्यांच्या पायांचे ठसेच ठसे होते: शेकाट्याचे तीन बोटांचे, बदकांचे पडद्याचे आणि बगळ्याचे लांब बोटांचे. जवळच एक शेतकरी पाइपाच्या तोंडाचा फूटव्हॉल्व्ह ओढत खाली पाण्याकडे नेत होता. "रोज दोन बोटं उतरतंय," तो म्हणाला. "आठ-धा दिसाला मोटार खाली घ्यावीच लागती."

दिवस-रात्र मिळून दोन बोटं पाणी उतरलं की काठ वीस पावलांनी मागे सरकतो. उजनीचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. ते भरतं तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते आणि उपयुक्त साठा संपतो तेव्हा ४९१.०३ मीटर. फरक सहा मीटरही नाही, म्हणजे दुमजली घराची उंची. तेवढ्या उंचीत साडेत्रेपन्न टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. भागाकार केला की त्या पट्ट्यातला पाण्याचा सरासरी पसारा २६० चौरस किलोमीटरच्या आसपास निघतो. कोयनेचा शिवसागर सह्याद्रीच्या खोल दरीत उभा आहे, त्याचे काठ चढणीचे. उजनी मात्र दख्खनच्या सपाटीवर परातीतल्या पाण्यासारखं पसरलंय. पाचशे मीटर चालल्यावर जमीन जेमतेम एक मीटर उतरते, अशा जागी पाणी एक सेंटिमीटर खाली गेलं तरी काठ पाच मीटर सरकतो. जलाशयावर फिरायला येणारे बहुतेक जण मोठ्या पाण्याकडे बघत राहतात. मला विचाराल तर नजर पायाखालच्या या पट्ट्यावर ठेवावी.

या पट्ट्यातला चिखल बोटानं उकरला की दोऱ्याएवढ्या लाल अळ्या वळवळताना दिसतात. चावऱ्या डासांसारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या एका माशीच्या या अळ्या. गाळात प्राणवायू फार कमी असतो. तो धरून ठेवायला त्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल. पाणी उतरतं तसा या अन्नाचा एकेक नवा पट्टा रोज चोचीच्या टप्प्यात येतो. इथं गर्दी असूनही भांडण कमी, कारण प्रत्येकाची खोली ठरलेली आहे. ओल्या मातीत तुतारी आणि पाणलावा. पाणलाव्याच्या लांब चोचीच्या टोकाशी स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारी अळी त्याला गाळातही सापडते. घोटाभर पाण्यात शेकाट्या. त्याच्या पुढं चमचा, अर्धवट उघडी चोच डावी-उजवीकडे फिरवत. गुडघाभर पाण्यात चित्रबलाक आणि रोहित. त्यापलीकडे खोल पाण्यात काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी. पंढरपूरला जाणाऱ्या भीमेवर या पक्ष्याला हे नाव शोभतं.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला लोक मुद्दाम भिगवणला येतात. एकाच रोहिताकडे पंधरा मिनिटं बघत बसावं. डोकं उलटं करून तो चोच पाण्यात बुडवतो, म्हणजे वरची चोच खाली येते. जीभ दट्ट्यासारखी मागे-पुढे करून पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या झालरीतून बाहेर फेकतो. शेवाळ, अळ्या, बारीक कवचधारी जीव आत राहतात. त्यांतल्या रंगद्रव्यांनीच त्याचे पंख गुलाबी होतात, म्हणून राखी-पांढरट दिसणारे रोहित बहुधा पिल्लं असतात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये चिलीतल्या जातीच्या फ्लेमिंगोंवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. हा पक्षी पाणी नुसतं गाळत नाही, ते फिरवतो, असं त्यात दिसलं. पाय नाचवून तो तळाचा गाळ उठवतो, डोकं झटक्यानं वर ओढून पाण्यात छोटी वावटळ उभी करतो आणि चोच सेकंदाला सुमारे बारा वेळा आपटून भोवऱ्यात सापडलेले जीव तोंडाकडे खेचतो. हे वाचल्यावर मी रोहितांच्या पायांकडे बघायला लागलो. जागच्या जागी ठेका धरल्यासारखे ते पाय हलत असतात. खोल पाण्यात हा खेळ जमत नाही. म्हणूनच परतीचा पाऊस भरपूर झाला आणि धरण डिसेंबरपर्यंत काठोकाठ राहिलं, की रोहित उशिरा येतात, विखुरतात. पर्यटक हिरमुसतात, पण पक्ष्यांचं काही चुकलेलं नसतं. त्यांचं ताट अजून पाण्याखाली असतं.

पट्टकदंब हंसांची तऱ्हा वेगळी. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले हे हंस मध्य आशिया आणि तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या अंगावर बसवलेल्या यंत्रांनी ७,२९० मीटरची उंची नोंदवली आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं आणखी एक गोष्ट दाखवली. हे हंस उंची गाठून तिथंच राहत नाहीत. डोंगरांच्या चढउतारासरशी खाली येतात, पुन्हा चढतात. विरळ हवेत पंख मारणं फार महाग पडतं, म्हणून मिळवलेली उंची सोडून देणंच परवडतं. एवढा प्रवास करून आलेला हंस उजनीच्या काठावर गवत खुडताना दिसला की मला दर वेळी भरून येतं.

आता मासे. पाणी उतरलेल्या चिखलात ताटाएवढे गोल खळगे ओळीनं दिसतात. हे चिलापीच्या नरांनी तोंडानं उकरलेले. मादी खळग्यात अंडी घालते, लगेच तोंडात घेते आणि पिल्लं फुटून सुटी होईपर्यंत तोंडातच सांभाळते. पाणी सरकलं, खळगा कोरडा पडला, तरी तिचं बाळंतपण तिच्याबरोबर खोल पाण्यात जातं. कटला, रोहू, मृगळ यांना मात्र वीण घालायला पावसाळ्यातलं वाहतं पुराचं पाणी लागतं. साठलेल्या पाण्यात ते सहजी वीत नाहीत, म्हणून जलाशयात त्यांची बोटुकली सोडावी लागते. आफ्रिकेतली चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली. आज भिगवणच्या खाणावळींत तीच ताटात असते, त्याचं कारण या दोन विणींच्या फरकात आहे. गळ टाकायची हौस असेल तर आधी तिथल्या मच्छीमारांना विचारावं, कारण हे पाणी त्यांचं पोट आहे. आणि मच्छरदाणीसारख्या बारीक आसाच्या जाळ्यातला मासा कुणी स्वस्तात देऊ केला, तर घेऊ नये. त्यात बोटुकलीही मारलेली असते.

उन्हाळ्यात पाणी हिरवा रंग कालवल्यासारखं दिसतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून इथंच येऊन थांबतं. त्यातलं नत्र आणि स्फुरद म्हणजे शेवाळाला खतच. थोडं शेवाळ रोहितांना चालतं. जास्त झालं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि मासे मरतात. काही निळं-हिरवं शेवाळ विषारीही असतं. म्हणून त्या पाण्यात पोरांना उतरवू नये, जनावरांना ते पाजू नये. हे पाणी पुढं सोलापूरकर पितात, हे आपण पुण्यात राहणाऱ्यांनी विसरलेलं मला सहन होत नाही.

पातळी ४९१.०३ च्या खाली गेली की वर्तमानपत्रांत मथळा येतो: उजनी मायनसमध्ये. तिथून खालचा जवळपास ६४ टीएमसी साठा सरकारी भाषेत 'मृत'. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला होता. तेव्हा पळसदेवचं पळसनाथाचं जुनं हेमाडपंती मंदिर पाण्यातून उघडं पडलं आणि धरणात गाव गेलेली माणसं नातवंडांना घेऊन दर्शनाला गेली.

फिरायला येणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीतली सकाळ धरा. थव्यापासून शंभर-दीडशे पावलं लांब थांबा, दुर्बीण वापरा आणि होडीवाल्याला पक्षी उडवायला सांगू नका. उडालेला थवा खाण्यातला वेळ गमावतो. होडीत बसताना जीवरक्षक जाकीट अंगात हवंच. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा माणसं बुडाली. दुपारनंतर वारा सुटतो, हे तिथला प्रत्येक मच्छीमार सांगतो.

मार्चमध्ये पुन्हा गेलो तेव्हा माझी काटकी हरभऱ्याच्या काढलेल्या रानात उभी होती. उघड्या पडलेल्या जमिनीत शेतकऱ्यांनी गाळपेर केली होती, पाणी पार लांब चकाकत होतं. तो मोटारवाला भेटला. पाइपाला आणखी चार तुकडे जोडून झाले होते. "आता दौंडवरनं पाणी यायला लागलं की हीच मोटार पळवत वर आणायची," तो म्हणाला. "जाताना बोटाबोटानं जातंय, येताना एका रात्रीत येतंय."