पनवेलचे फुले कॉलेज आणि आपल्या मुली

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत ठरलेले बोलणे सुरू होते. सायन्सला मार्क बरे असतील तर फार्मसी, नाहीतर कॉमर्स, आणि काहीच जमले नाही तर आर्ट्स. मुलगी असेल तर दादी हमखास विचारते, "बीए करून काय करणार गं?" या महिन्यात आम्ही या 'काहीच जमले नाही'वाल्या आर्ट्सबद्दलच लिहायचे ठरवले आहे.

पनवेलचे महात्मा फुले कॉलेज रयत शिक्षण संस्थेने १९७० साली काढले. तेव्हा पनवेल म्हणजे कुलाबा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, भोवती भातशेती आणि खाडी. त्याच वर्षी मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. नवी मुंबई अजून कागदावरच होती. वाशीचा खाडीपूल १९७३चा. लोकल पनवेलला पोचली ती थेट १९९८ मध्ये. म्हणजे ज्याला पदवी घ्यायची त्याने मुंबईत कुणा नातेवाइकाच्या खोलीवर पथारी टाकायची. मुलींना ती सोय कोण देणार? आणि इकडे ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी जायच्या होत्या. शेत गेल्यावर मुलाच्या हाती काय राहणार, हा प्रश्न घरोघर होता. अशा वेळी एसटीने सकाळी जाऊन दुपारी घरी परतता येईल असे कॉलेज गावात आले.

रयतची परंपराही अशीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये साताऱ्याच्या काले गावी सुरुवात केली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह निघाले, तिथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. पैसा संपला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले.

आणि कॉलेजला नाव ज्यांचे, त्या जोतीराव फुल्यांची शाळा लहानपणी सुटली होती. त्यांच्या वडिलांना समजावून १८४१ मध्ये त्यांना पुन्हा शाळेत घालायला लावले ते गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेबांनी. पुढे घर सोडावे लागल्यावर फुले दांपत्याला पुण्यात आसरा दिला उस्मान शेख यांनी. फातिमा शेख सावित्रीबाईंबरोबर काम करीत. १८५६च्या ऑक्टोबरात सावित्रीबाईंनी माहेरहून लिहिलेल्या पत्रात त्यांचे नाव आहे. आपल्या मुलांना हे कुणी सांगते का? आम्हाला तरी शाळेत कुणी सांगितले नव्हते.

फार्मसी-इंजिनिअरिंगला आमचा विरोध नाही. अंजुमन-ए-इस्लामचा काळसेकर कॅम्पस नवीन पनवेललाच आहे, त्याचा आम्हाला अभिमानच वाटतो. पण तहसील कचेरीत सातबाराचा अर्ज लिहायला आपण दुसऱ्याला शोधतो, कोर्टात वकील दुसरा, पेपरात आपल्याविषयी लिहिणाराही दुसराच. ही सगळी कामे भाषा, इतिहास, राज्यशास्त्र वाचलेल्यांची. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला एमपीएससीला बसता येते, तीन वर्षांचे एलएलबी करता येते, बीएड करून शिक्षक होता येते. इतिहासाची आवड असलेल्या मुलीला जबरदस्तीने सायन्सला घालून दोन वर्षे वाया घालवलेली घरे आम्ही पाहिली आहेत.

अडचणी आहेत, त्या लपवून उपयोग नाही. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला मराठीतले लेक्चर पहिले सहा महिने डोक्यावरून जाते. अशा वेळी मोहल्ल्यातल्या एखाद्या शिकलेल्या आपाने संध्याकाळी तासभर बसवले तरी गाडी रुळावर येते. मुलामुलींचे एकत्र कॉलेज ही आईवडिलांची दुसरी काळजी. यावर आमचे म्हणणे एवढेच की, प्रवेशाआधी अम्मीने स्वतः एक दिवस मुलीबरोबर कॉलेजात जावे, वर्ग पाहावेत, लायब्ररीत बसावे, शिकवणाऱ्या मॅडमना भेटावे. फॉर्मवरचे विषय मात्र मुलीलाच भरू द्यावेत.