पद्मिनी का तापते?

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात घडवलेली, १०८९ सीसी इंजिनाची पद्मिनी मी पिंपळे सौदागरात वापरतो. ‘गाडी तापते’ म्हणताच इंजिन उघडण्याचा सल्ला मिळतो. आधी विचारावे, ती तापते केव्हा?

सिग्नलला उभी असताना तापली, तर वारा कमी पडतो. पंख्याचा पट्टा सैल असेल. वेगात धावताना तापली, तर पाणी फिरत नाही. बोअरच्या जड पाण्याच्या क्षाराने रेडिएटर चोंदला असेल. काटा चढूनही रेडिएटर गारच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद अडकला असावा. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे आले, तरच हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

झाकणाकडे मात्र कुणी पाहत नाही. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथे साधे पाणी ९८ अंशांनाच उकळते. दाब धरणारे झाकण हा उत्कलनबिंदू वर नेते. त्याचे रबर गेले, की निरोगी इंजिनातही उकळी फुटते.

म्हणून पहिला खर्च झाकणाचा, शेवटचा इंजिनाचा. झाकण उघडावे ते इंजिन निवल्यावरच. आणि तापलेली गाडी पुढे दामटू नये: हेड वाकले, तर निर्मिती थांबून दोन दशके उलटलेल्या गाडीला दुसरे शोधायचे कुठे?