बरणीतला तारा आणि हवेची गळती

विज्ञान प्रदर्शनासाठी 'घरगुती अणुसंमीलन यंत्र' करायचे, असा हट्ट धरणारा एखादा विद्यार्थी हल्ली भेटतो. पोलादी भांड्यात तारेचा गोल पिंजरा, त्याच्या मधोमध जांभळट प्रकाशाचा गोळा आणि त्यातून बाहेर पडणारे झोत, असे चित्र त्याने पाहिलेले असते. २००८ मध्ये टेलर विल्सन या १४ वर्षांच्या अमेरिकी मुलाने असे यंत्र चालवून दाखवले, हेही त्याला ठाऊक असते. या यंत्राला फ्यूजर म्हणतात. 'हे आपले काम नाही' एवढे सांगून भागत नाही. मग तो कुणाला न विचारता खटपट सुरू करतो. म्हणून शिक्षकाला या यंत्राचे तत्त्व, त्याच्या खोड्या आणि त्यातले धोके माहीत असलेले बरे.

यंत्राचे तत्त्व

दूरचित्रवाणीच्या आद्य संशोधकांपैकी एक फायलो फार्न्सवर्थ यांनी १९६० च्या दशकात ही कल्पना विकसित केली. त्यांचे सहकारी रॉबर्ट हर्श यांनी १९६७ मध्ये तिचे प्रयोग प्रसिद्ध केले. निर्वात भांड्याची भिंत भूसंपर्कित ठेवतात आणि आतल्या पिंजऱ्याला काही हजार व्होल्ट ऋण विभव देतात. उरल्यासुरल्या वायूच्या अणुरेणूंतून इलेक्ट्रॉन सुटले की मागे राहिलेले धन आयन पिंजऱ्याकडे धावतात. पिंजऱ्यात तारेपेक्षा मोकळी जागाच जास्त, त्यामुळे बरेच आयन आरपार जातात, पलीकडे मंदावतात आणि पुन्हा आत ओढले जातात. झोपाळ्यासारखी ही ये-जा मध्यावर गर्दी करते. तिथेच प्रकाश दिसतो.

एकक प्रभाराच्या आयनाने वाटेत टक्कर न होता १०,००० व्होल्टचे विभवांतर ओलांडले, तर त्याची ऊर्जा ११ कोटी अंशांहून अधिक तापमानाशी तुल्य होते. सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे. मग बरणीत सूर्य अवतरला का? नाही. भांड्यात हवा असेल तर संमीलन होत नाही. दिसतो तो केवळ विद्युत्‌ विसर्गाचा प्रकाश. टेस्टरमधल्या निऑनच्या दिव्यात दिसतो, त्याच जातीचा.

हवेऐवजी ड्यूटेरियम भरून विभवांतर २०-३० हजार व्होल्टपर्यंत नेले, तर थोडी केंद्रके खरोखर जुळतात. किती ऊर्जा मिळते? सेकंदाला १० लाख न्यूट्रॉन मिळाले असे धरू. ड्यूटेरियमच्या संमीलनात साधारण दोन अभिक्रियांमागे एक न्यूट्रॉन सुटतो, म्हणजे २० लाख अभिक्रिया. प्रत्येकीत सरासरी ३.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. गुणाकार करून पाहा: सुमारे एक मायक्रोवॉट. खर्च मात्र काहीशे वॉटचा! आयन जुळण्याआधीच एकमेकांना चाटून भरकटतात किंवा तारेवर आपटतात. फ्यूजर वीज देत नाही, ती इथेच अडते. न्यूट्रॉनचा छोटा स्रोत म्हणून मात्र त्याचा अभ्यास होतो; आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि गुवाहाटीजवळ सोनापूर येथील प्लाझ्मा भौतिकी केंद्रात या जातीच्या यंत्रांवर काम झाले आहे.

बिघाड कुठे होतो?

साध्या प्रात्यक्षिकासाठी दाब १ ते १० पास्कल लागतो. १ पास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण एक लाखावा भाग. बहुतेक यंत्रे या टप्प्यापर्यंतच पोचत नाहीत.

दाब उतरत नसेल तर पंपाची झडप बंद करून दाबमापीकडे पाहतात आणि वेळेनुसार दाबाचा आलेख काढतात. आलेख सरळ रेषेत चढत राहिला तर बाहेरून हवा शिरते आहे. आधी चढून मग सपाट झाला तर आतलाच ओलावा, तेल किंवा बोटांचे ठसे वायू सोडत आहेत. गणित बोलके आहे: पाण्याचा ०.०५ ग्रॅमचा एक थेंब १ पास्कल दाबाला सुमारे पावणेसात हजार लिटर वाफ होतो! म्हणून भांडे आतून निर्मळ आणि कोरडे हवे. रबरी कड्यावर अडकलेला एक केसही गळतीला पुरतो.

दाब उतरला पण प्रकाश नाही, असे झाल्यास विद्युत्‌ अग्रे उलट जोडली आहेत का किंवा दाब गरजेपेक्षा खाली गेला आहे का, हे पाहावे लागते. दाब फार कमी झाला तर आयनांना टक्कर द्यायला रेणूच उरत नाहीत. फार जास्त असेल तर इलेक्ट्रॉनला पुरेसा वेग येण्याआधीच टक्कर होते. १ पास्कलला रेणूचा दोन टकरींमधला मार्ग सहा-सात मिलिमीटर असतो. सगळे भांडे नुसते धूसर उजळले आणि व्होल्टमापीचा काटा खाली पडला, तर दाब अजून जास्त आहे. तो हळूहळू उतरवला की विभवांतर चढते आणि झोत उमटतात. पिंजऱ्याच्या दांड्यावर ठिणग्या उडाल्या तर तिथले विसंवाहक आवरण अपुरे असते.

धोके

भंगारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर सुमारे दोन हजार व्होल्ट देतो आणि त्याचा प्रवाह माणूस मारायला पुरेसा असतो. वीज बंद केल्यावरही धारित्रात प्रभार शिल्लक राहतो. काचेच्या भांड्याच्या २० सेंमी व्यासाच्या झाकणावर बाहेरची हवा सव्वातीनशे किलो वजनाइतका जोर लावते. काच फुटली तर आत कोसळून तुकडे उडतात. विभवांतर वाढवत नेले की इलेक्ट्रॉन भिंतीवर आदळून क्ष-किरण निघतात आणि ते पाहण्याच्या काचेतून बाहेर येऊ शकतात. ड्यूटेरियम तर कायद्याने नियंत्रित पदार्थ आहे. म्हणून फ्यूजर शाळेत किंवा घरी करू नये, आणि याचे कारण विद्यार्थ्याला आकड्यांसह सांगावे.

मग काय करावे?

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या शाळांना एक सोय आहे. वाहनांच्या दिव्यांच्या परावर्तकावर चढवलेला ॲल्युमिनियमचा थर निर्वातातच बसवतात. दातचक्रांचा पृष्ठभाग कठीण करण्याच्या प्लाझ्मा नायट्रायडिंग पद्धतीत दातचक्र स्वतःच ऋणाग्र असते आणि काही मिलिबार दाबाला, सुमारे ५०० अंश सेल्सियस तापमानाला, त्याच्याभोवती असाच जांभळा प्रकाश खेळतो. वर्गातल्या कित्येक मुलांचे पालक अशा कारखान्यांत काम करतात. त्यांच्या मदतीने भेट ठरवावी आणि मुलांनी तिथल्या कामगारांना दोन प्रश्न विचारावेत: गळती कशी शोधता? भट्टीत घालण्याआधी भाग इतका स्वच्छ का करता?

वर्गात सुईविना सिरिंजमध्ये थोडे कोमट पाणी घ्यावे, हवा काढून टोक बोटाने बंद करावे आणि दट्ट्या जोराने ओढावा. पाणी उकळू लागते. पंप चालू असूनही दाब का उतरत नाही, याचे उत्तर मुलांच्या हातात येते.

होमी भाभा यांनी १९५५ मध्ये जिनिव्हा येथे, वीस वर्षांत संमीलनाची ऊर्जा काबूत येईल असे भाकीत केले होते. सत्तर वर्षे उलटली, प्रश्न अजून सुटलेला नाही. तो सोडवण्याची इच्छा असलेला विद्यार्थी आपल्या वर्गात असेल, तर त्याला आधी दाबाचा आलेख वाचायला शिकवावे.