पहिले पाऊल त्याचे त्यालाच टाकू द्या

पुणे-नाशिक रस्त्यावरील पेठ आणि आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठाराचा परिसर बटाट्याच्या पिकासाठी ओळखला जातो. काढणीच्या दिवसांत घरातील सगळे हात शेतात गुंतलेले असतात. अशा वेळी वर्ष-दीड वर्षाचे मूल बांधावरच्या झोळीत किंवा आजीच्या कडेवर राहते. पुण्या-मुंबईच्या सदनिकेत त्याच वयाचे मूल पट्टा लावलेल्या उंच खुर्चीत, समोर मोबाइल ठेवून बसवलेले दिसते. दोन्हीकडे हेतू एकच असतो, मूल सुरक्षित राहावे आणि मोठ्यांचे काम खोळंबू नये. तो रास्तही आहे. मात्र हीच व्यवस्था दिवसभर चालली, तर या वयाची सर्वांत मोठी गरज अपुरी राहते. ती गरज म्हणजे स्वतः हालचाल करून जग चाचपून पाहणे.

मूल कधी चालू लागावे, याविषयी घरोघरी तुलना चालते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांची पाहणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार निरोगी मुले साधारण सव्वाआठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान कधीही आधाराशिवाय चालू लागतात. शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले तेराव्या महिन्यातही चालत नाही, एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

चालता येऊ लागले की मुलाचा स्वभावच पालटल्यासारखा वाटतो. कालपर्यंत मुकाट्याने घास घेणारे मूल चमचा हिसकावते, कपडे घालू देत नाही, प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ म्हणते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात साधारण दीड ते तीन वर्षे या काळाला स्वायत्ततेचा टप्पा म्हटले आहे. या काळात स्वतः काही करून पाहण्याची संधी मिळाली, तर मुलाला ‘मला जमते’ असा विश्वास येतो. सतत अडवले किंवा हसले गेले, तर संकोच आणि स्वतःविषयीची शंका मूळ धरते. म्हणूनच या ‘नाही’कडे केवळ हट्ट म्हणून पाहणे चुकीचे ठरते. आपण आईपासून वेगळे कोणी आहोत, हे मुलाला उमगल्याची ती खूण असते.

मदत कशी करावी आणि कशी करू नये, हे आपल्याकडच्या जुन्या पांगुळगाड्यावरून चांगले समजते. त्याच्या लाकडी दांड्याला धरून मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते, तोल सावरते आणि गाडा पुढे ढकलते. बाजारात मिळणाऱ्या बैठकीच्या वॉकरमध्ये मात्र मूल टांगल्यासारखे बसते आणि टोकांवर पाय रेटते. त्यात तोल सांभाळण्याचा सराव होत नाही. उलट वेगामुळे जिन्यावरून पडण्याचा किंवा गरम भांड्यापर्यंत पोहोचण्याचा धोका वाढतो. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरवर बंदी घातली. पांगुळगाडाही सपाट जागी आणि मोठ्यांच्या नजरेसमोरच वापरायचा असतो.

स्वावलंबनाचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, हे पाहून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. पुढे हे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर रुजले. माँटेसरींच्या महागड्या साधनांऐवजी तेथे बिया, शंख-शिंपले, माती, पाने अशा परिसरातील वस्तू वापरल्या गेल्या. हे काम मुख्यतः बालवाडीच्या वयातील मुलांसाठी होते. तरी मुलाला शिकण्यासाठी खर्चिक खेळणी नव्हे, तर हाताळता येणाऱ्या वस्तू आणि संयमी माणसे लागतात, हे सूत्र त्याहून लहान मुलांनाही लागू पडते.

घरात त्यासाठी वेगळी तयारी लागत नाही. जेवताना मुलाच्या हाती मऊ पोळीचा तुकडा किंवा वरणभाताची लहान वाटी द्यावी. सांडले तर पुसता येते. मटार एका भांड्यातून दुसऱ्यात टाकणे, धुतलेले रुमाल बादलीतून काढून देणे, स्वतःची चप्पल जागेवर ठेवणे ही कामे दीड वर्षाचे मूल आनंदाने करते. ‘सदरा घालायचा का?’ असे विचारल्यास उत्तर ‘नाही’ असेच येणार. त्याऐवजी ‘लाल घालायचा की निळा?’ असे विचारावे. निवड मुलाची, चौकट मोठ्यांची.

चौकट मात्र हवीच. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सुपारी, नाणी, बटणासारख्या बॅटऱ्या मुलाच्या हाती लागू नयेत. पाण्याने भरलेली बादलीही धोक्याची असते. नियम थोडे असावेत आणि घरातील सर्वांनी ते सारखेच पाळावेत. मूल आक्रस्ताळेपणा करू लागले, तर मारणे किंवा लगेच मागणी पुरवणे या दोन्ही गोष्टी टाळून शांतपणे जवळ थांबावे. भावना आवरण्याची क्षमता या वयात अजून घडत असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान तीन तास हालचाल करावी आणि एका वेळी तासापेक्षा अधिक काळ बांधलेल्या अवस्थेत राहू नये. एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, असेही त्यात म्हटले आहे.

१९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ठेवले गेले. त्याहून लहान मुलांच्या बाबतीत भर राहिला तो पोषण, लसीकरण आणि वजनावर. ही उणीव ओळखून केंद्र सरकारने २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. तो घराघरांत पोहोचणे आवश्यक आहे, कारण या वयाच्या मुलाची पहिली शाळा घर हीच असते. मूल अठरा महिन्यांपर्यंत चालत नसेल, एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, हाकेला प्रतिसाद देत नसेल किंवा आलेले कौशल्य गमावत असेल, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

घाईच्या सकाळी मुलाला स्वतः चप्पल घालू देण्यात पाच मिनिटे जातात, हे खरे. पण आपले काम आपल्याला करता येते, ही जाणीव त्या पाच मिनिटांतच रुजत असते.