नळ सार्वजनिक, पण चावी कोणाकडे?

मार्च 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे 65 हजार जात प्रमाणपत्रे पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम जाहीर झाला. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, मागची नोंद गुपचूप बदलता न येणारी वही. जात प्रमाणपत्राचे मोल परभणीच्या वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. 2000 च्या कायद्याच्या कलम 8 ने जातीचा दावा सिद्ध करण्याचा भार अर्जदाराच्याच डोक्यावर ठेवला आहे. मग आपले कागद ज्या वहीत जाणार, ती वही लिहिणारी आणि तपासणारी माणसे आपल्यात नकोत काय?

ही विद्या शिकायची तर सराव हवा. खऱ्या साखळीवर प्रत्येक नोंदीला पैसे पडतात, म्हणून सरावाची वेगळी साखळी असते. तिला टेस्टनेट म्हणतात. तिथे बिनमोलाची टोकन चालतात आणि ती फुकट वाटणाऱ्या संकेतस्थळाला फॉसेट, म्हणजे नळ, असे नाव आहे. पॉलिगॉनच्या अशा एका टेस्टनेटचे नाव चक्क ‘मुंबई’ होते! एप्रिल 2024 मध्ये ते बंद झाले; त्याची जागा ‘अमोय’ने घेतली.

नळ सर्वांसाठी आहे असे सांगतात. परंतु काही नामांकित नळांची अट अशी की, तुमच्या वॉलेटमध्ये आधी थोडे खरे इथर दिसले पाहिजे. म्हणजे फुकट पाण्यासाठी खिशात पैसे दाखवा! 1923 च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले होते, तरी 1927 मध्ये महाडला जावे लागले, हे आपण जाणतो. इथे जात कोणी विचारत नाही, हे मान्य; मात्र अट गरिबालाच अडवते. दुसरे नळ एका इंटरनेट जोडणीला दिवसातून एकदाच टोकन देतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तीस संगणक एकाच जोडणीवर असतात. बाहेरून ते एकच माणूस दिसतात. पहिल्या मुलाला मिळते, एकोणतीस कोरडे राहतात.

म्हणून आपल्या वसतिगृहांनी, अभ्यासिकांनी स्वतःचा नळ बसवावा. काम अवघड नाही. एक स्वतंत्र वॉलेट उघडायचे, त्यात मिळेल तिथून टेस्ट टोकन साठवायचे आणि मागणी आली की ठरलेला छोटा वाटा पाठवणारा प्रोग्राम लिहायचा. पत्त्यागणिक मर्यादा घालून भागत नाही, कारण वॉलेटचा नवा पत्ता क्षणात आणि फुकट तयार होतो. एकच जण शंभर पत्ते करून टाकी रिकामी करील. मर्यादा विद्यार्थ्यांच्या यादीवर घालावी. वॉलेटची गुप्त चावी प्रोग्रामच्या मजकुरात कधीच लिहू नये आणि त्या वॉलेटात खरा पैसा ठेवू नये. साठा संपत आल्याची सूचना मिळण्याची सोय मात्र जरूर करावी.

अगदी सुरुवातीला तर नळाचीही गरज नाही. हार्डहॅट नावाचे मोफत साधन आपल्याच संगणकावर खासगी साखळी उभी करते आणि 20 खात्यांत प्रत्येकी 10,000 टेस्ट इथर टाकून देते. इंटरनेट गेले तरी सराव चालू राहतो. दुसऱ्यांनाही दिसेल असे काही बनवायची वेळ आली की मग नळाकडे वळावे.

एक कायद्याची गोष्ट. टेस्ट टोकनला बाजारभाव नसतो. तरीही 2023 मध्ये ‘गोर्ली’ या टेस्टनेटचे टोकन तुटवड्यामुळे विकले गेले. आपल्या पोरांना कोणी असे टोकन ‘उद्या भाव येईल’ म्हणून विकू लागला, तर पैसे देऊ नका. पैसे गेले असतील तर मेसेज आणि पावत्या जपून थेट पोलीस ठाणे गाठा.