वायकीकीची पहिली लाट

होनोलुलू शहराच्या दक्षिणेला, डायमंड हेड या विझलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्यापासून वायकीकीचा किनारा सुमारे तीन किलोमीटर पसरला आहे. कॅलिफोर्नियातून विमानाने पाच-साडेपाच तासांत इथे पोहोचता येते, त्यामुळे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्यांना मित्रमंडळींसह चार दिवसांच्या सुट्टीसाठी ही जागा सोयीची पडते. पाणी बारा महिने २४ ते २७ अंश सेल्सियस असते. नुसते वाळूत पडून राहिले तरी सुट्टी सार्थकी लागते. पण आयुष्यात कधी सर्फबोर्ड पाहिलाही नाही अशी माणसे सकाळी पाण्यात उतरतात आणि दुपारच्या आत त्यांतली बरीचशी फळीवर उभी राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येतात, हे वायकीकीचे खरे वैशिष्ट्य. त्यामागे समुद्रतळाची ठेवण आहे आणि शंभराहून अधिक वर्षे इथे शिकवत आलेल्या हवाईयन माणसांची परंपराही आहे.

लाट फुटते ती तळ जवळ आल्यामुळे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापटीवर आली की लाटेचा खालचा भाग मंदावतो, माथा पुढे झेपावतो आणि लाट कोसळते. तळ एकदम वर आला असेल तर हे क्षणार्धात घडते. ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांच्या लाटा खोल पाण्यातून थेट उथळ खडकावर येतात, आणि ‘पाइपलाइन’सारख्या ठिकाणी मुरलेल्या सर्फरचाही जीव धोक्यात येतो. वायकीकी त्याच बेटावर असूनही तिथला समुद्र वेगळा आहे. किनाऱ्यापासून बरेच आत सुरू होणारा प्रवाळाचा तळ अगदी हळूहळू वर चढतो. म्हणून लाट लांबवर आणि सावकाश फुटत येते, आणि शिकणाऱ्याला तोल सावरायला अवधी मिळतो. उन्हाळ्यात इथे येणाऱ्या लाटा न्यूझीलंडच्या आसपासच्या दक्षिण महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या असतात. हजारो किलोमीटरच्या, आठवडाभराच्या प्रवासात त्यांची विस्कळीत खळबळ मागे पडते आणि त्या ठरावीक अंतराने, ओळीने येतात. ईशान्येकडून वाहणारा व्यापारी वारा वायकीकीला जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यामुळे लाटेचा पृष्ठभाग नितळ राहतो. नवख्यांसाठी यापेक्षा अनुकूल समुद्र मिळणे कठीण.

लाटेवर उभे राहण्याची कला हवाईयन लोकांनी युरोपीय जहाजे येण्याच्या कितीतरी आधी पूर्णत्वाला नेली होती. सरदार आणि सामान्य लोक, पुरुष आणि स्त्रिया सगळेच लाटेवर जात. राणी काअहुमानू हिची त्यात ख्याती होती. सामान्यांची फळी ‘अलाया’ ही आखूड आणि पातळ असे, तर ‘ओलो’ ही लांबलचक फळी सरदारांची. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात सरदार पाकी याच्या फळ्या जतन केलेल्या आहेत. साडेचार-पाच मीटर लांब आणि सुमारे ७० किलो वजनाच्या. त्यांच्यापुढे उभे राहिल्यावर त्या पाण्यात वळवायला काय ताकद लागत असेल याची कल्पना येते. कॅप्टन कुकच्या मोहिमेतील लेफ्टनंट जेम्स किंग याने १७७९ मध्ये केआलाकेकुआ उपसागरातल्या या खेळाचे वर्णन लिहून ठेवले.

पुढचे शतक हवाईसाठी विनाशाचे ठरले. जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी लोकसंख्या घटत गेली. कुक आला तेव्हा ती काही लाख असावी असा अंदाज आहे. १८९० च्या शिरगणतीत मूळ हवाईयन वंशाचे सुमारे ४०,००० लोकच उरले होते. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांना उघड्या अंगाने स्त्री-पुरुषांनी एकत्र खेळणे मान्य नव्हते. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी हिचे राज्य उलथवले गेले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली. एवढे सोसूनही हा खेळ मेला नाही, हे वायकीकीवर सुट्टी घालवणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे. १८८५ मध्ये कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या तीन हवाईयन राजपुत्रांनी सांताक्रूझ इथे रेडवूडच्या फळ्या बनवून घेतल्या आणि सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर स्वारी केली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे हे पहिले नोंदलेले सर्फिंग.

वायकीकीवर मोआना हॉटेल १९०१ मध्ये सुरू झाले आणि पाहुणे येऊ लागले. १९०७ मध्ये लेखक जॅक लंडन इथे आला, फळीवर चढायला शिकला, आणि उन्हाने इतका भाजून निघाला की त्याला अंथरूण धरावे लागले. त्या अनुभवावरचा त्याचा लेख अमेरिकेत खूप वाचला गेला. त्याच वर्षी वायकीकीचा जॉर्ज फ्रीथ कॅलिफोर्नियाला गेला आणि रेडोंडो बीचवर प्रात्यक्षिके दाखवू लागला. पण सर्फिंग जगभर नेले ते ड्यूक कहानामोकू याने. १९१२ च्या स्टॉकहोम आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवणारा हा माणूस वायकीकीच्या पाण्यातच वाढला. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोरोना डेल मार इथे एक बोट उलटली, तेव्हा त्याने सर्फबोर्डवरून एकट्याने आठ जणांना वाचवले. ड्यूकच्या बरोबरीची स्थानिक तरुण मंडळी, म्हणजे वायकीकीचे ‘बीच बॉइज’, पाहुण्यांना शिकवत, होडीतून फिरवत, संध्याकाळी उकुलेले वाजवून गात. आजचे प्रशिक्षक त्यांचेच वारसदार आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ मध्ये, महिलांच्या सर्फिंगचे पहिलेवहिले सुवर्ण जिंकणारी कॅरिसा मूर हीसुद्धा वायकीकीवरच वडिलांकडून शिकली.

नवख्यांना दिली जाणारी फळी साधारण तीन मीटर लांब, रुंद आणि वरून मऊ फोमची असते. ती जितकी मोठी तितकी पाण्यावर स्थिर, आणि डोक्यावर आदळली तरी इजा कमी. पहिला धडा वाळूवर होतो: पालथे झोपायचे, हातांनी वल्हवल्यासारखे करायचे, छातीशी तळवे टेकून एका झेपेत उठायचे. पाय आडवे, गुडघे वाकलेले, नजर किनाऱ्याकडे. डावा पाय पुढे की उजवा, हे ज्याच्या त्याच्या सवयीवर. पाण्यात गेल्यावर प्रशिक्षक योग्य लाट हेरून फळीला मागून ढकलतो. बहुतेक जण पडतात ते पायांकडे पाहिल्यामुळे, किंवा आधी गुडघ्यावर बसून मग उठायला गेल्यामुळे. अंगात ताकद असलेलाच आधी उभा राहील असे नाही. घाई न करणाऱ्याला हे लवकर साधते. पडताना सूर मारायचा नाही, कारण खाली प्रवाळ आहे. अंग पसरून पडायचे आणि वर येताना हातांनी डोके झाकायचे.

मित्रांसोबत शिकण्यात खरी गंमत थांबण्याच्या वेळात आहे. दोन लाटांच्या मधली बरीच मिनिटे फळीवर बसून जातात, आणि शहरात महिनोन्‌महिने न झालेल्या गप्पा तिथे होतात. पहिल्या दिवशी दोन तास पुरतात. खांदे भरून येतात आणि उरलेली दुपार आपोआप विश्रांतीची होते. गर्दीत एक शिस्त पाळावीच लागते: लाट जिथून फुटायला लागते त्याच्या सर्वांत जवळ असेल त्याची ती लाट. दुसऱ्याने मध्ये घुसायचे नाही.

पोहता येत नसेल तर या वाटेला जाऊ नये, हे स्पष्ट सांगायला हवे. अमेरिकेच्या किनाऱ्यांवर सर्वाधिक बळी घेतो तो रिप करंट: किनाऱ्यावर चढलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे परतते आणि माणसाला ओढून नेते. ही ओढ कोकणच्या किनाऱ्यावरही असते. तिच्याविरुद्ध पोहत दमायचे नाही. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचे, किंवा तरंगत राहून हात वर करून जीवरक्षकाला बोलवायचे. सनस्क्रीन निवडतानाही नियम आहे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने प्रवाळाला अपायकारक मानली जातात. ती असलेली सनस्क्रीन हवाईत १ जानेवारी २०२१ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

हवाईला जाणे शक्य नसेल तर फ्लोरिडातला कोको बीच नवशिक्यांना चांगला. अकरा वेळा विश्वविजेता ठरलेला केली स्लेटर तिथलाच. कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या कॉवेल्स किनाऱ्यावरही लाटा सौम्य आहेत, मात्र पाणी इतके गार की रबराचा वेटसूट घातल्याशिवाय फार वेळ थांबवत नाही. भारतात कर्नाटकातले मुल्की आणि चेन्नईजवळचे कोवलम इथे सर्फिंगच्या शाळा आहेत.