पडलो तरी नाक वर, की खरंच नशीब फुटकं?

मैदानामागचं गणित : लेखांक 6

गुणतक्ता कसा मांडतात, विजयाला तीन गुण का आणि गोलफरक कधी कामाला येतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्याच तक्त्यावरून होणारं एक जुनं भांडण. संघ एकामागून एक सामने हरतो आणि त्याचे पाठीराखे छातीठोकपणे सांगतात, ‘आमचा संघ एवढा वाईट नाहीच मुळी!’ त्यांच्यातलाच दुसरा गट सुनावतो, ‘नाचता येईना अंगण वाकडं.’ यातलं कोण खरं, हे बऱ्याच अंशी तपासता येतं. त्यासाठी जर्मनीतल्या बोरुसिया डॉर्टमुंडचा 2014-15 चा मोसम घेऊ.

युर्गेन क्लॉप यांच्या मार्गदर्शनाखाली या संघानं 2011 आणि 2012 मध्ये लीग जिंकली होती. 2013-14 मध्ये 71 गुण मिळवून तो दुसरा आला होता. पण 2014 च्या नाताळच्या सुट्टीत तक्ता पाहावा तर 17 सामने, 4 विजय, 3 बरोबरी, 10 पराभव. एकूण 15 गुण आणि 18 संघांत सतरावा क्रमांक! गंमत म्हणजे त्याच काळात युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये हा संघ आर्सेनलला मागे टाकून गटात पहिला आला होता. 4 फेब्रुवारी 2015 ला घरच्या मैदानावर आउग्सबुर्गकडून 0-1 अशी हार झाली आणि डॉर्टमुंड तळालाच राहिला. एरवी गाणी म्हणणाऱ्या प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून संताप व्यक्त केला. गोलरक्षक वायडेनफेलर आणि कर्णधार हुमेल्स जाळीपाशी जाऊन त्यांची समजूत काढत होते.

दोन्ही गटांकडे मुद्दे होते. टीकाकार म्हणत, आघाडीपटू लेवांडोव्हस्की बायर्न म्युनिकला गेला, त्याच्या जागी आणलेल्या इमोबिलेला गोल सापडत नाही, रॉयस सतत जखमी असतो आणि बचावफळी हातानं गोल वाटते. समर्थक म्हणत, चेंडू आमच्याकडे, फटके आमचे जास्त, फक्त चेंडू जाळ्यात जात नाही.

या वादात ‘अपेक्षित गोल’ हे माप उपयोगी पडतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सर्रास एक्सजी म्हणतात. गोलवर मारलेला प्रत्येक फटका किती अंतरावरून, कोणत्या कोनातून, पायानं की डोक्यानं मारला, हे बघायचं. तसल्या हजारो जुन्या फटक्यांपैकी किती गोल झाले, यावरून त्याला शून्य ते एकमधला आकडा द्यायचा. पेनल्टीचा आकडा पाऊणच्या किंचित वर असतो, तर तीस यार्डांवरून मारलेल्या फटक्याचा जेमतेम दोन-तीन शतांश. सामन्यातल्या सगळ्या फटक्यांची बेरीज केली, की संघानं किती गोलांच्या लायकीच्या संधी निर्माण केल्या ते कळतं. क्रिकेटमध्ये गोलंदाज षटकामागून षटक बॅटची कड चुकवत राहतो आणि धावफलकावर मात्र शून्य बळी दिसतात, तसंच हे.

फुटबॉलमध्ये ही तफावत मोठी पडते, कारण गोलच कमी होतात. समजा एका संघाच्या संधी दीड गोलाच्या आहेत आणि दुसऱ्याच्या 0.8 गोलाच्या. साध्या संभाव्यतेनं हिशेब केला, तर पहिला संघ शंभरातले सुमारे 54 सामने जिंकतो, 26 बरोबरीत सोडवतो आणि उरलेले 20 चक्क हरतो. म्हणजे जवळजवळ दुप्पट चांगलं खेळूनही पाचातला एक सामना हातचा जातो. असे पराभव ओळीनं आले, की तक्ता भलतंच चित्र दाखवू लागतो.

20 सप्टेंबर 2014 चा माइन्झविरुद्धचा सामना पाहा. डॉर्टमुंड 0-2 असा हरला. ओकाझाकीनं माइन्झला आघाडी मिळवून दिली. लगेच डॉर्टमुंडला पेनल्टी मिळाली, ती इमोबिलेनं मारली आणि गोलरक्षक कारियुसनं अडवली. पुढच्या काही मिनिटांत डॉर्टमुंडच्याच गिंटरच्या पायाला लागून चेंडू जाळ्यात गेला. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबचे तेव्हाचे संशोधनप्रमुख इयन ग्रॅहम हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी हा सामना पाहिलेलाच नव्हता, फक्त आकडेवारी तपासली होती. संपूर्ण मोसमाचा हिशेब करून त्यांनी निष्कर्ष काढला, की डॉर्टमुंडचा खेळ जर्मनीत दुसऱ्या क्रमांकाच्या तोडीचा होता. ऑक्टोबर 2015 मध्ये लिव्हरपूलनं क्लॉप यांना नेमलं, त्यामागे हा हिशेबही होता. पुढे 2019 ला चॅम्पियन्स लीग आणि 2020 ला इंग्लिश लीग लिव्हरपूलकडे आली.

पण समर्थकांनी एवढ्यावर पेढे वाटू नयेत. नशीब दोन्हीकडून चालतं. नोव्हेंबर 2014 मध्ये लीगमधल्या ओळीनं पाच पराभवांनंतर डॉर्टमुंडनं ग्लाडबाखला 1-0 हरवलं, तेही प्रतिस्पर्धी क्रामरनं चाळीसहून अधिक मीटरवरून स्वतःच्याच गोलात चेंडू मारला म्हणून! हे आठवणीनं सांगणारा पाठीराखा विरळाच. दुसरं असं, की मागे पडलेला संघ जास्त फटके मारतोच, कारण आघाडीवरचा संघ मागे सरून बचाव करतो. ‘फटके आमचे जास्त’ हा पुरावा अर्धाच असतो. फटके बरोबरी असताना मारले की पिछाडीवर, हेही विचारायला हवं.

मग खरं काय निघालं? उरलेल्या 17 सामन्यांत डॉर्टमुंडनं 31 गुण मिळवले. आउग्सबुर्गच्या पराभवानंतर संघानं ओळीनं चार सामने जिंकले. त्यातला चौथा शाल्केविरुद्धचा, 3-0. त्यात ओबामेयांग आणि रॉयसनं बॅटमन-रॉबिनचे मुखवटे घालून गोल साजरा केला. शेवटी सातवा क्रमांक, 46 गुण. क्लॉप यांनी निरोप घेतला, थॉमस टुखेल आले आणि 2015-16 मध्ये याच संघानं 78 गुण कमावले.

याच्या नेमकी उलट गोष्ट वेस्ट हॅमची. 2002-03 मध्ये लंडनच्या या संघात जो कोल, मायकेल कॅरिक, जर्मेन डेफो, पावलो दी कानियो होते. ‘एवढा चांगला संघ खाली जाणं शक्यच नाही,’ असं जो तो म्हणत होता. पण घरच्या मैदानावरचा लीगमधला पहिला विजय मिळायला जानेवारीअखेर उजाडली, मोसमात 59 गोल खाल्ले आणि 42 गुण मिळवूनही संघ खालच्या श्रेणीत गेला. खेळाडूंची नावं मोठी होती; गोल देण्याची सवय त्याहून मोठी होती.

तेव्हा आपला संघ हरत असेल, तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. संधींची बेरीज दहा-पंधरा सामने सातत्यानं आपल्या बाजूनं आहे का? आपण पिछाडीवर नसतानाही ती तशीच राहते का? आणि खाल्लेले गोल एकाच चुकीतून वारंवार होतायत का? पहिल्या दोन्हींचं उत्तर हो आणि तिसऱ्याचं नाही असेल, तर धीर धरा, दिवस पालटण्याची शक्यता दांडगी आहे. तिसऱ्याचं उत्तर हो असेल, तर नशिबाला दोष देऊ नका, बचाव सुधारा. आणि एक कायम लक्षात ठेवा : नशिबानं हुकलेले गुण पुढे कोणी परत आणून देत नाही. चांगला संघही खालच्या श्रेणीत जाऊ शकतो.

पुढच्या आठवड्यात : पेनल्टी अडवताना गोलरक्षक आधीच का झेपावतो?